प्रयागमॅडम आणि सत्यभामेचे बैल

मुलाखतीच्या टेबलापलीकडे चौघे बसले होते. तिघांनी मला माझ्या शोधनिबंधांबद्दल विचारलं आणि मी नीट उत्तरं दिली. चौथ्या बाई खिडकीबाहेर बघत भाजलेले शेंगदाणे खात होत्या. साधी सुती साडी, कपाळावर ढकललेला चष्मा, पायांत कोल्हापुरी. तिघांचे प्रश्न संपल्यावर त्या माझ्याकडे वळल्या.

"शिवी येते का?"

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण बाकीचे तिघे खाली मान घालून कागद चाळू लागले, म्हणजे चूक नव्हती.

"समजतात," मी म्हणाले. "देता येत नाहीत."

"केजची ना तू? केजची असून येत न्हाई? मग शाळेत काय केलंस बे?"

मी सांगितलं की माझे वडील वाचनालयात ग्रंथपाल आहेत आणि माझं लहानपण बहुतेक तिथंच गेलं. त्यांनी हातावरची टरफलं फुंकली आणि माझ्या अर्जावर काहीतरी खरडलं. काय खरडलं ते पुढे कधीतरी कारकुनानं दाखवलं. लिहिलं होतं, 'बाकी सगळं येतं. घ्यावी.'

अशी मी शहरातल्या त्या कर्करोग रुग्णालयात फेलो म्हणून लागले. स्त्रीरोगाची पदव्युत्तर पदवी झाल्यावर गर्भाशय, बीजकोश वगैरेंच्या कर्करोगावरच्या शस्त्रक्रिया शिकण्याचे हे दोन वर्षांचे जादा शिक्षण. ते देणाऱ्या आमच्या विभागप्रमुख डॉ. प्रयाग. आडनाव त्या लावत नसत. "आडनाव ऐकलं की लोक आधी जात मोजत्यात, मग पगार," असं त्यांचं म्हणणं. मूळच्या उमापूरच्या. आईवडील ऊसतोडीला जात. प्रयागबाई हे नाव आमच्याकडे घरटी एकीचं तरी असतं, पण शहरातल्या डॉक्टरांना ते मोठं आध्यात्मिक वाटे. एकदा एका पाहुण्या प्राध्यापकांनी नावाचा अर्थ विचारला. मॅडम म्हणाल्या, "अर्थ काय? मला तीन थोरल्या बहिणी. चौथीला नावं उरली नव्हती."

'बे' हा शब्द आमच्याकडे पुरुष पुरुषांना लावतात. मॅडम तो सरसकट लावत. फेलोला, अधिष्ठात्यांना, भूल देणाऱ्या डॉक्टरांना, एकदा तर लिफ्टलाही. फक्त रुग्ण बाईला कधी लावला नाही. मला त्या 'वाचनालय' म्हणत. "ए वाचनालय, इकडं ये. ह्या बाईचं काय करायचं, तुझं पुस्तक काय म्हणतं?" मी सांगायची. त्या ऐकून घ्यायच्या, मान डोलवायच्या आणि म्हणायच्या, "बरोबर हाय. आता बाईला विचारू."

बाईला त्या पहिला प्रश्न विचारायच्या तो दुखण्याचा नसायचा. "तू इथं आलीस, मग घरी भाकऱ्या कोण थापायलंय?" सुरुवातीला मला हे गप्पा मारणं वाटे. चार महिन्यांनी कळलं की ते निदान होतं. जिच्या भाकऱ्या सासू थापतेय ती पुढच्या तारखेला येणार. जिची दहा वर्षांची पोरगी थापतेय ती कदाचित येईल. आणि जी नुसतीच गप्प बसते ती येणार नाही, तिला आजच दाखल करून घ्यायचं.

शस्त्रक्रिया करताना त्यांची भाषा फार सुटायची. या शस्त्रक्रियांत सगळ्यांत भीती असते ती मूत्रनलिकेची. मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे जाणारी ती बारीक नळी नेमकी कापायच्या जागेजवळून जाते, आणि तिला धक्का लागला तर बाई जन्माची बेजार होते. मॅडम तिला 'जावईबापू' म्हणत. "आधी जावई कुठं बसलाय ते बघ. त्याला दुखवायचं न्हाई, पण डोळ्याआडबी करायचं न्हाई. डोळ्याआड झाला की रुसतो." मी ही शस्त्रक्रिया तीन ग्रंथांतून वाचली होती. तिन्हींतलं विसरले असते, पण हे विसरणं शक्य नव्हतं.

माझं दुसरं वर्ष सुरू झालं तेव्हा दुष्काळ होता. दर महिन्याला मॅडम आम्हा फेलोंपैकी एकाला घेऊन उमापूरला तपासणी शिबिर घेत. ते भरे दूध सोसायटीच्या संकलन केंद्रात, कारण सकाळी दूध घालायला बाया तिथं येतच. त्या वर्षी दूधच नव्हतं. सोसायटीने गावाबाहेरच्या माळावर चारा छावणी उघडली होती आणि घरातलं एक माणूस जनावरांबरोबर तिथं पाल ठोकून राहत होतं. पुरुष बहुतेक बाहेर कामाला, म्हणून ते माणूस म्हणजे बाई. मॅडम म्हणाल्या, "बाया जिथं हायत तिथं दवाखाना. आपुन काय देऊळ हाय का एका जागी बसायला?"

छावणीत ताडपत्री बांधून आडोसा केला. आत एक लाकडी बाक, बॅटरी, आणि गर्भाशयाच्या तोंडाला लावून बघायचं पातळ केलेलं व्हिनेगर. आत मॅडम तपासत होत्या. बाहेर टेबलापाशी बसून मी चार ठरलेले प्रश्न विचारायचे आणि कुणाला आत पाठवायचं ते ठरवायचं. बैल, म्हशी, ऊस कुट्टी करणारं यंत्र, टँकरभोवतीची भांडणं, या सगळ्या आवाजात मी अक्षर बिघडू न देता लिहीत होते.

अकरा बायांनी सांगितलं की त्यांची पिशवी काढलीय. आमच्या भागात हे नवीन नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला महिन्याचे चार दिवस परवडत नाहीत. पोटात दुखलं की कुठल्यातरी दवाखान्यात सांगतात, पिशवी काढून टाका, कॅन्सर होईल. ती पस्तिशीच्या आत काढून टाकते आणि कोयता घेऊन पुन्हा फडात उभी राहते. पुस्तक सांगतं, साध्या कारणासाठी पिशवी काढलेल्या बाईला या तपासणीची गरज नाही. मी अकरा जणींच्या नावापुढे बरोबरची खूण केली आणि त्यांना पालावर परत पाठवलं. एकूण रांग लवकर संपल्याचं मला समाधानही वाटलं.

दिवस मावळताना मॅडमनी माझी वही बघितली.

"ह्या अकरा?"

"त्यांची पिशवी काढलेली आहे, मॅडम."

"कोण म्हनलं?"

"त्याच म्हणाल्या."

"पिशवी काढली, का पिशवीचं तोंडबी काढलं?"

घाईत केलेल्या शस्त्रक्रियेत वरची पिशवी काढून खालचं तोंड तसंच सोडून देतात, हे मला माहीत होतं. त्या उरलेल्या तोंडाला कर्करोग होऊ शकतो, हेही माहीत होतं. पान क्रमांकासकट माहीत होतं.

"कागद बघितलास कुणाचा?"

"कुणाकडेच नव्हता."

"वाचनालय, तुझं पुस्तक खरं हाय," मॅडम शांतपणे म्हणाल्या. त्या शांत झाल्या की जास्त भीती वाटे. "पन ते ज्या बायांसाठी लिवलंय त्यांच्या हातात दवाखान्याचा कागद असतो. ह्यांच्या हातात कासरा हाय. आण सगळ्या परत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नावं घेऊन छावणीभर फिरले. कुणालाही नावानं शोधता येईना. सोसायटीच्या वहीत होती नवऱ्यांची नावं आणि जनावरांच्या कानातल्या बिल्ल्यांचे नंबर. छावणीचं काम बघणारे सोसायटीचे चेअरमन, सगळे त्यांना आबा म्हणत, मोठे सज्जन आणि मोठ्या आवाजाचे. ते म्हणाले, "ताई, बाईच्या नावानं कसं घावंल? जनावराचा नंबर सांगा." मी जनावरांचे नंबर घेतले नव्हते. मग आबांनी माझी दया येऊन ध्वनिक्षेपक सुरू केला आणि माळभर आवाज घुमला, "ऐका हो ऐका, ज्या बायांच्या पिशव्या..."

मॅडम धावत आल्या आणि त्यांनी माईक हिसकावला. "आबा, अक्कल छावणीत जमा केलीस का बे?" हेही सगळ्या माळाने ऐकलं. मग त्याच माईकवर त्या गोड आवाजात म्हणाल्या, "सोसायटीकडून सरकी पेंड मिळणार हाय. फक्त बायांनी यावं. गडीमाणसांनी आपापल्या बैलापाशी थांबावं."

पाच मिनिटांत सगळ्या बाया हजर. आबा केविलवाणे झाले. "मॅडम, पेंड कधी ठरली?"

"आत्ता. माझ्या तोंडून गेलं, आता तुझी अब्रू तुझ्या हातात."

पेंड वाटावी लागली. अकराच्या अकरा बाया सापडल्या. दहा जणींचं काही निघालं नाही. अकरावी सत्यभामा, उमापूरच्या पलीकडच्याच गावची. चाळिशीची, उंच, काटक, कमरेच्या दुखण्यामुळे यंदा ऊसतोडीला न जाता दोन बैलांपाशी राहिलेली. नवरा एकटाच कोल्हापूरकडे गेला होता. तिचं पिशवीचं तोंड जागेवर होतं आणि व्हिनेगर लावल्यावर त्यावर एक पांढरट डाग उमटला होता. मॅडमनी मला बॅटरी धरायला लावली आणि तो डाग बघायला लावला. मी बघितला. कालच मी तिच्या नावापुढे खूण केली होती.

तुकडा काढून शहरात पाठवला. आठ दिवसांनी अहवाल आला. कर्करोग होता, पण अगदी सुरुवातीचा. आत्ता शस्त्रक्रिया केली तर बाई पूर्ण बरी होण्यासारखी. चार महिने थांबलो तर सांगता येत नव्हतं.

आम्ही पुन्हा उमापूरला गेलो. मॅडमनी सत्यभामेला सरळ सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पाऊस पडल्यावर येते."

"पाऊस कधी पडंल?"

"ते तुमी डाक्टर लोक सांगा. मला इतकंच मालूम हाय, मी उठले की बैलं छावनीभाईर."

आबांनी मान हलवली. तिचं खरं होतं. खोटी जनावरं दाखवल्याच्या तक्रारी वर गेल्यापासून नियम कडक झाला होता. रोज सकाळी मोजणीला प्रत्येक पालावरचं एक माणूस आपल्या जनावरांपाशी उभं पाहिजे, नाहीतर ती जनावरं कमी. शेजारच्या पालांवरही एकेकच बाई. शस्त्रक्रियेत आणि नंतर सावरण्यात पंधरा-वीस दिवस जाणार, आणि तेवढ्यासाठी नवऱ्यानं अर्ध्यातून काम सोडलं तर मुकादम त्याला पुढच्या हंगामाला उभं करणार नाही. बैल गेले तर पेरणीच गेली. सत्यभामा रडली नाही. तिनं फक्त बैलाच्या पाठीवर हात ठेवला, जणू प्रश्न संपला.

"आबा," मॅडम म्हणाल्या, "वहीत लिही. सत्यभामेचं माणूस म्हणून ही उभी राहील." आणि माझ्याकडे बोट केलं.

आबा गोंधळले. "मॅडम, या डाक्टर हायत की."

"अजून व्हायचीय."

मला वाटलं थट्टा आहे. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "मॅडम, उरलेल्या तोंडाची ही शस्त्रक्रिया फार दुर्मीळ आहे. माझ्या दोन वर्षांत पुन्हा येणार नाही. मला निदान बाजूला उभं राहायला..."

"ऑपरेशन मी करते. तू बैल धर."

"पण मी शिकायला आलेय."

"तेच म्हनायलेय मी." मग जरा थांबून, "चुकलीस म्हनून रागावले न्हाई. आमीबी चुकलोत. पन चुकलेलं निस्तरायला माणूस लागतं, आन् आत्ता तेवढं एकच काम रिकामं हाय. ऑपरेशनला माणसं हायत."

सत्यभामेनं माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "हिला जमंल का?" तिनं मॅडमना विचारलं. माझ्या विद्वत्तेबद्दल इतका थेट प्रश्न मुलाखतीतही कुणी विचारला नव्हता.

मी अठरा दिवस उमापूरला राहिले. झोपायला मॅडमच्या भावाच्या घरी, उजाडायच्या आत माळावर. शेण काढायचं, टँकरच्या रांगेत उभं राहायचं, चाऱ्याला उसाच्या शेंड्यांचं वाढं आणायचं, मोजणीला दोन कासरे धरून ताठ उभं राहायचं. छावणीच्या तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा विचारलं, "शिक्षण?" मी सांगितलं. त्यांनी लिहायचं थांबवून आबांकडे बघितलं. आबा म्हणाले, "साहेब, दुष्काळ लई वाईट."

एक गोष्ट मात्र अशी झाली की ती कुठल्याही पानावर नव्हती. टेबलामागे बसले होते तेव्हा बायांनी माझ्या चारही प्रश्नांना सरकारी माणसाला द्यायची उत्तरं दिली होती. काही न्हाई, काही तरास न्हाई. आता मी शेणात उभी होते, तर येता-जाता थांबायच्या. आधी हसायच्या, मग कासरा कसा धरायचा ते दाखवायच्या, आणि मग पदराआडून हळूच, "ताई, मला अंगावरून लाल जातंय, कावून जात असंल?" त्यांतल्या तिघी पहिल्या दिवशी माझ्या वहीत 'त्रास नाही' म्हणून नोंदलेल्या होत्या. मी त्यांची नावं लिहिली आणि या खेपेला जनावरांचे नंबरही लिहिले.

शस्त्रक्रिया झाली त्या दिवशी दुपारी मॅडमचा फोन आला. मी एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात कासरा धरून उभी होते.

"बाई ठीक हाय. आता ऐक. पोट उघडलं. आत काय दिसलं असंल?"

त्यांनी पाऊण तास फोनवर मला ती शस्त्रक्रिया पहिल्या छेदापासून करायला लावली. स्वतः काही सांगत नव्हत्या, विचारत होत्या. मूत्राशय कुठे चिकटलं असेल, कसं सोडवशील, कात्री की बोट.

"आता जावई कुठंय, सांग."

"गर्भाशयाच्या रक्तवाहिनीच्या खाली."

"वाहिनी कुठली आणलीस? ती पयल्या डॉक्टरनं कवाच बांधून टाकलीय."

मी डोळे मिटले. बैलानं ओढ घेतली. "मग तो आत ओढला गेला असेल. तोंडाच्या अगदी जवळ."

"किती जवळ?"

"बोटभर."

"अर्धं बोट. मीबी बोटभर धरून चालले होते, जरा थांबले म्हनून बरं झालं." पलीकडून श्वास सोडल्याचा आवाज आला. आपणही चुकत होतो हे सांगणारा शिक्षक मी त्याआधी पाहिला नव्हता, त्यानंतरही फारसा नाही.

सत्यभामा परत आली ती मॅडमच्या गाडीतून. उतरली आणि आमच्या कुणाकडेही न बघता बैलांकडे गेली. त्यांच्या पाठीवरून, कानामागून, पायांवरून हात फिरवला. मग वळून मला म्हणाली, "कानामागं गोचीड किती झालेत! एवढं शिकून तुला गोचीड दिसंना?" मॅडम हसत हसत खाली मातीतच बसल्या. त्यांना उठवायला आबांना यावं लागलं.

माझं शिक्षण पुरं झालं. मी त्याच रुग्णालयात राहिले. मॅडम निवृत्त होऊन उमापूरला गेल्या, पण सत्यभामेच्या वार्षिक तपासणीला मात्र एस.टी.नं यायच्या. आमच्याकडची रीत अशी की पाच वर्षं काही निघालं नाही, तर फाईल बंद करतात. "पाचव्या वर्षीची तपासणी मीच करणार," असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. त्याच्या चार महिने आधी, सकाळी अंगणात दात घासत असताना, हृदय बंद पडून त्या गेल्या. निरोप नाही, आजारपण नाही, कुणाला सेवा करायची संधी नाही.

रुग्णालयात शोकसभा झाली. वक्त्यांनी त्यांना ऋषितुल्य केलं, सेवेची मूर्ती केलं. एक जण म्हणाले, मृदुभाषी. माझ्या मागच्या रांगेतल्या थिएटरच्या सिस्टरांनी हसू दाबायला तोंडात पदर कोंबला आणि मग त्यांना रडू आलं. मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी लिहून नेलं होतं, पण उठता आलं नाही. तिथं न बोललेलं इतक्या महिन्यांनी, हळूहळू, इथं लिहिते आहे.

सत्यभामा ठरल्या तारखेला आली. खोलीत नजर फिरवली.

"बाई कुठाय?"

"गेल्या," मी म्हणाले.

"उमापूरला?"

मग मला नीट सांगावं लागलं. आपल्या पलीकडच्याच गावातली ही बातमी तिला माहीत नव्हती, कारण ते चारही महिने ती फडात होती. मग ती स्वतःच तपासणीच्या टेबलावर जाऊन झोपली. मी तपासलं. सगळं स्वच्छ होतं. अहवालही चांगले होते.

"सत्यभामाबाई, पाच वर्षं झाली. तुम्ही बऱ्या झालात. आता यायची गरज नाही."

ती साडी नीट करत होती, ती थांबली. "म्हंजी बाई मेली आन् मी बरी झाले? ह्यो कोन्ता न्याव?"

मी फाईल बंद करायला घेतली.

"ते काई न्हाई. मी पुढल्या साली येनार. लिवा तुमी."

"तसं लिहिता येत नाही. पुढची तारीख दिली तर कारण लिहावं लागतं." मी तिला फॉर्मवरचा रकाना दाखवला.

"मग लिवा की, बाईनं सांगितलंय म्हनून."

मॅडमनी तसं काही सांगितलेलं नव्हतं. मी पेन उचललं आणि तारखेच्या रकान्यात एक वर्षानंतरची तारीख घातली. कारणाच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'प्रयागमॅडम यांनी सांगितल्यावरून', आणि खाली सही केली. सत्यभामेनं कागद घडी घालून कमरेला खोवला आणि विचारलं, इथला च्या अजून तसलाच पांचट हाय का. मी म्हटलं, तसलाच आहे. मग आम्ही दोघी चहा प्यायला गेलो.